दाजींनी न लिहिलेलं प्रकरण

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, दिवसा दाभोळच्या धक्क्यावर तरीची तिकिटं फाडायचे आणि संध्याकाळी पडवीत बसून खून पाडायचे. मुंबईचा एक प्रकाशक त्यांच्या रहस्यकथा छापायचा, कव्हरवर पिस्तूल नि बाई. हसू नका, त्या माणसाने उभ्या जन्मात कोंबडी कापली नाही. लिहायला बसले की आधी चोर ठरवायचे, मग चोरी. "चोर ठाऊक नसेल तर पेन उचलायचंच नाय, बकुळा," असं मला म्हणायचे.

पंच्याऐंशीच्या शिमग्याला पालखी सजवताना देवीची नथ सापडेना. दागिने घासायचं काम देवळात झाडलोट करणाऱ्या चिमाचं, मग काय, झालीच ती चोर. देवळाचे मानकरी भारी शहाणे. नथ मिळेपर्यंत पालखी चिमाच्या अंगणात जाणार नाही, असं ठरवून मोकळे झाले. पालखी दारावरून पुढे निघून गेली, तर त्या बाईला गावात उरलं काय? तिने चूल पेटवली नाही. मला तर मानकऱ्यांचं तोंड बघवेना.

दाजींनी रजा टाकली आणि रोज संध्याकाळी देवळात नवी गोष्ट वाचायला लागले. गोष्टीतही नथच हरवलेली. अख्खा गाव कान टवकारून बसायचा, मानकरीसुद्धा. गोष्टीतला इन्स्पेक्टर म्हणतो, घरटी एकाने झाकलेल्या टोपलीत हात घालून मूठभर तांदूळ देवीला सोडायचे, मग टोपली उपडी करायची. इथे दाजींनी कागद मिटले. "पुढचं प्रकरण उद्या," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मानकऱ्यांनीच टोपली मांडली. घरटी माणूस येऊन तांदूळ सोडून गेलं. टोपली उपडी केली, आणि तांदळात नथ. माझ्या अंगावर अजून काटा येतो.

सगळे एकमेकांची तोंडं न्याहाळत होते. दाजी तेवढे मान खाली घालून स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत उभे. नथ निघाली तेव्हाही त्यांनी मान वर केली नाही.

पालखी चिमाच्या अंगणात नाचली. चिमा ओटी भरताना ढसाढसा रडली, मीही रडले. मग दाजींना हळूच विचारलं, "चोर कोण हो?"

"ठाऊक नाय गो. ठाऊक असता तर वाचताना कुठेतरी फुटला असता, आणि मग त्याने नथ टाकली नसती."

ते पुस्तक काही निघालं नाही. प्रकाशक चोराचं नाव मागत राहिला.