अग्निशमन दलातली इदालिना

वारा फिरला आणि निलगिरीच्या रानातल्या वणव्यात इदालिनाचा नवरा होरासियू जळून गेला. तो गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलात होता. त्याला पुरल्यावर निम्म्या गड्यांनी हेल्मेटं परत केली. दलप्रमुख बेल्मिरो ठाण्याला कुलूपच लावणार होता, तेवढ्यात इदालिना दलात भरती व्हायला आली.

"वहिनी, हे बायकांचं काम नव्हे."

"मग पुरुष कुठायत, दाखवा की!"

पुढच्या उन्हाळ्यात आग गावात शिरली. इदालिनानं म्हाताऱ्या झेफेरिनोला पाठीवर घालून जळत्या घरातून बाहेर आणलं. त्याच्या बायकोसाठी ती माघारी वळली, तोच छप्पर कोसळलं.

"तिला आधी का नाही गं काढलंस, पोरी?" झेफेरिनोनं विचारलं.

शेजारचं घर पेटलं होतं. पाण्याचा पाइप ओढत इदालिना तिकडे निघाली.