बेट सोडून सगळं

माझी भावजय शर्मिष्ठा पालीला घाबरते, लिफ्टला घाबरते, गॅसचा सिलेंडर बदलताना देवाचं नाव घेते आणि मागून ऑटोने हॉर्न वाजवला की स्वतःच ऑटोवाल्याची माफी मागते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. हिच्यापाठी त्याचं अख्खं कुटुंब लागलंय, असं मी चारचौघांत म्हणायचे आणि तीही हसायची. चेन्नईत वेस्ट मांबलममध्ये आमची घरं एकाच इमारतीत आहेत. खाली मी आणि माझा नवरा, वर माझा धाकटा भाऊ कौशिक, शर्मिष्ठा आणि आमचे आई-बाबा. वरून किंचाळी ऐकू आली तर खाली आमच्याकडे कुणी जागचं हलत नसे. पाल असणार, म्हणून आम्ही कॉफी पीत राहायचो.

या बाईची नोकरी मात्र लोकांना जग दाखवायची. पेरुंगुडीला एका ट्रॅव्हल कंपनीत ती इंग्लंडमधल्या शहरांच्या चार-चार दिवसांच्या सहली आखून देते. यॉर्कच्या तटबंदीवरून फिरताना पायऱ्या कुठे घसरड्या आहेत, बाथमध्ये गुडघे दुखणाऱ्यांनी कुठला चढ टाळावा, लिव्हरपूलमध्ये डोसा कुठे मिळतो, सगळं तिला ठाऊक. स्वतः कधी विमानात बसलेली नाही. बाबा म्हणायचे, आमची सून उंटावरून शेळ्या हाकते. पण तिची शेळी आजवर एकही हरवली नव्हती. काय काय बिघडू शकतं ते भित्र्या माणसाला आधीच दिसत असतं, आणि तिच्या गिऱ्हाइकांना त्याचाच फायदा व्हायचा.

समुद्राची गोष्ट वेगळी होती. त्यावरून मी तिला कधी चिडवलं नाही. तिचे वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, राहायला बेसंट नगरच्या क्वार्टर्समध्ये. त्सुनामी आली त्या रविवारी सकाळी ते हिला आणि शेजारच्या कनकाला घेऊन किनाऱ्यावर गेले होते. दोघी एकाच वर्गात होत्या. पाणी एकदा वर चढलं, होड्या उलट्यापालट्या करून गेलं आणि मग समुद्र मागे हटला. कधी कुणी न पाहिलेला तळ उघडा पडला. त्यावर मासे तडफडत होते. लोक ते बघायला खाली उतरले. कनकाही धावली. शर्मिष्ठाच्या वडिलांनी तिला एकदा हाक मारली, दोनदा मारली, आणि मग मुलीला खांद्यावर टाकून ते रस्त्याकडे पळत सुटले. कनका सापडली नाही.

हे तिने मला एकदाच सांगितलं, मटार सोलता सोलता, आणि सांगून झाल्यावर सालं उचलून टाकायला गेली. त्या रविवारनंतर तिने समुद्र पाहिलेला नाही. चेन्नईत राहून समुद्र टाळायचा म्हणजे सोपं काम नव्हे. ती मैलापूरला कपालीश्वराच्या देवळापर्यंत जाते, तिथून पुढे एक पाऊल टाकत नाही.

आमचे बाबा, रत्नाकर, याच्या नेमके उलट. बँकेतून निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी स्कूटर काढून मरीनाला फिरायला जातात. समुद्राशी आपली जुनी ओळख आहे असं त्यांना वाटतं. आता मरीनाचा समुद्र कसा, भरती आली तरी पाणी चार पावलं पुढे येतं, ओहोटीला चार पावलं मागे जातं. वाळूवर बसलेला माणूस चप्पल जरा वर सरकवतो, संपलं. तेवढ्या ओळखीवर बाबा जगातल्या सगळ्या समुद्रांबद्दल बोलायचे.

आई-बाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून कौशिकने त्यांना लिव्हरपूलची तिकिटं काढून दिली. सहल अर्थातच शर्मिष्ठाने आखली. गोदीतली म्युझियमं, नदीतली फेरी, एकाच रस्त्याच्या दोन टोकांना असलेली दोन कॅथीड्रल, एक दिवस चेस्टर. आईला चालवेल एवढंच चालणं आणि मध्ये बसायला बाक. बाबांना हे फारच मिळमिळीत वाटलं. त्यांनी इंटरनेटवर शोधून काढलं की शहरापासून गाडीने थोडं गेलं की खाडीच्या तोंडाशी एक बेट आहे. ओहोटीला समुद्र मैलभर मागे जातो आणि लोक वाळूवरून चालत त्या बेटावर जातात. तिथे सील बघायला मिळतात. हे आखणीत का नाही, म्हणून त्यांनी जेवताना सुनेची उलटतपासणी घेतली.

शर्मिष्ठाचा हात भातातच थांबला. सासऱ्यांपुढे तिचा आवाज कधी चढत नाही, तेव्हाही चढला नाही. पाणी तिथे कसं येतं ते तुम्हाला माहीत नाही, एवढं ती म्हणाली. बाबा हसले. म्हणाले, मी रोज समुद्र बघतो, तू किती वर्षांत पाहिला नाहीस? मला ते बोलणं टोचलं. आईने त्यांच्याकडे डोळे वटारून बघितलं. शर्मिष्ठा म्हणाली, "बाबा, बेट सोडून सगळं बघा." बाबा बरं म्हणाले आणि त्यांनी ताक मागितलं.

पहिले दिवस फोटोंचे गेले. आई फेरीत टोपी धरून उभी, बाबा कॅथीड्रलसमोर हात मागे बांधून, जणू त्यांनीच कर्ज मंजूर केलंय. बेटाबद्दल मात्र त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

त्या संध्याकाळी मी इडलीचं पीठ द्यायला वर गेले होते. कौशिक ऑफिसातून निघून कुठेतरी ट्रॅफिकमध्ये अडकला होता. शर्मिष्ठा घरूनच काम करत होती. तिने कुकर लावला होता आणि देवापाशी दिवा लावत होती. तेवढ्यात तिचा फोन वाजला. बाबांचा व्हिडिओ कॉल. तिकडे लख्ख दुपार होती.

बाबांचा चेहरा वाऱ्याने लाल झाला होता. त्यांच्यामागे वाळूच वाळू, ओली, जिथवर नजर जाईल तिथवर. बघ म्हणाले, बेटावर जाऊन आलो, सील पाहिले, तू दिलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या तिथे बसून खाल्ल्या, आता परत निघालोय आणि अर्ध्याहून जास्त वाट झालीसुद्धा. किनाऱ्यावर फळा होता, त्यावर कधी परतायचं ते लिहिलं होतं. पण पाणी येताना दिसेलच की, दिसलं की निघू, म्हणून ते जरा जास्त बसले. मग त्यांनी फोन फिरवून समुद्र दाखवला. ते बघ, म्हणाले, अजून कुठे लांब आहे तो.

मी खरं तर हसले होते. मग शर्मिष्ठाकडे पाहिलं. तिच्या हातातली काडी बोटांपर्यंत जळत आली होती आणि तिला ते कळलं नव्हतं. मी फुंकर घालून विझवली.

बाबा समुद्राकडे बघत होते. शर्मिष्ठा आईकडे बघत होती. आई थोडी पुढे, गावाकडे तोंड करून उभी होती. तिच्या पलीकडे, ती आणि किनारा यांच्या मध्ये, वाळूत एक चकाकती पट्टी दिसत होती. मला ती आधीपासूनच असेल असं वाटलं. पण मी बघत असतानाच ती रुंद झाली.

"बाबा, पाणी पुढून येतंय," शर्मिष्ठा म्हणाली. "तुमच्या आणि गावाच्या मध्ये. आत्ता चालायला लागा."

बाबा म्हणाले, समुद्र इकडे आहे, पाणी तिकडून कसं येईल? ती म्हणाली, खोलगट भाग आधी भरतो. ते म्हणाले, तू तिथे बसून मला सांगू नकोस. आई थांबली होती, नेहमीसारखी, त्यांचं बोलणं संपायची वाट बघत. लग्न झाल्यापासून आई बाबांच्या पुढे कधी चाललेली नाही. रस्ता ओलांडतानासुद्धा आधी त्यांच्याकडे बघते. आणि बाबा वाद घालायला लागले की जागचे हलत नाहीत, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

मी फोन हिसकावून घेतला आणि ओरडले, बाबा, चला हो, बाबा, ऐका. ते मलाही समजावून सांगायला लागले. शर्मिष्ठाने माझ्या हातातून फोन परत घेतला. तिचे ओठ पांढरे पडले होते. पण तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका मोठा निघाला.

"आई, बाबांना सोडा. तुम्ही एकट्या पळा. मागे बघू नका."

मग आईने साडीचा घोळ उचलला, बूट घातलेले तिचे पाय दिसले, आणि ती निघाली. खरोखर पळत निघाली. बाबांनी "अलके" म्हणून हाक मारली. ती वळली नाही.

शर्मिष्ठा बाबांना म्हणाली, मी फोन ठेवते, तुम्ही ९९९ लावा, कोस्टगार्ड मागा, कुठे आहात ते सांगा, मग मला लावा. आणि तिने फोन कट केला. मी तिच्या अंगावर धावून गेले. का कट केलास, म्हटलं, निदान दिसत तरी होते. ती म्हणाली, त्यांच्याकडे एकच फोन आहे ताई.

मग आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभ्या राहिलो. कुकर शिट्ट्या देत होता आणि तो बंद करायला हवा हे कळूनही मला ओट्यापर्यंत जाववत नव्हतं. खाली कुणीतरी फुलांसाठी घासाघीस करत होतं. मला वाटत होतं, आत्ता या क्षणी, मी हा आवाज ऐकतेय तेव्हा, तिकडे ते झालेलं असेल. आपल्याला कळायचं बाकी असेल फक्त. मी देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवत नाही. शर्मिष्ठा भिंतीला पाठ लावून फोन दोन्ही हातांत धरून उभी होती. तिचे दात एकमेकांवर आपटत होते, मला ऐकू येत होते.

फोन वाजला. आवाज फक्त, चित्र नाही. पाण्याचा आवाज इतका जवळ होता की मी मागे सरले.

बाबा म्हणाले की बोट निघाली आहे. मग म्हणाले, पाणी मांड्यांपर्यंत आलंय, ओढ फार आहे, पायाखालची वाळू सरकतेय. मी इथेच उभा राहू का? बाबा, आमचे बाबा, सुनेला विचारत होते.

तिने विचारलं, आई कुठे आहेत?

पलीकडे पोचली, बाबा म्हणाले, ती गेली तेव्हा गुडघ्याएवढंच होतं. ती तिकडे उभी आहे, हात करतेय.

"मग आईंकडे बघा आणि तिकडे चाला. पाण्याकडे बघू नका."

"शर्मिष्ठा, मला भीती वाटतेय गं."

माझ्या आयुष्यात मी बाबांच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. लहान झालेला आवाज होता तो. मी तोंडात पदर कोंबला.

"मलाही वाटतेय बाबा," ती म्हणाली. "खूप वाटतेय. तुम्ही पाऊल उचला. उचललंत? आता दुसरं."

ती असंच बोलत राहिली. पाऊल उचला, टेका, आईंकडे बघा, दुसरं उचला. मधे एकदा पाणी जोरात आपटलं आणि बाबांचा आवाज गेला. ती थांबली नाही. समोर कुणी ऐकतंय की नाही हे माहीत नसताना ती त्याच आवाजात सांगत राहिली. मग खोकला ऐकू आला. मग चिखलातून पाय ओढल्याचा आवाज. आणि मग आईचा, रडवेला आणि संतापलेला, "द्या तो फोन इकडे."

"आले गं," आई म्हणाली. "दोघंही आहोत."

बोट येईपर्यंत ते ओल्या कपड्यांनिशी कोरड्या वाळूवर बसले होते. नारिंगी जाकीट घातलेल्या एका पोरगेल्या माणसाने बाबांना चांगलंच फैलावर घेतलं आणि बाबांनी खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं, असं आईने नंतर सांगितलं.

फोन ठेवल्यावर शर्मिष्ठा तिथेच फरशीवर बसली. मी कुकर बंद केला, भात लागला होता. तिला पाणी दिलं. तिला ग्लास धरवेना, म्हणून मीच तिच्या तोंडाला लावला. माझ्या जिवात जीव आला तसा मला प्रश्नही सुचला, आणि तो न विचारता राहावेना. मी म्हटलं, आईला बाबांना सोडून जायला सांगायचं धाडस तुला कसं झालं?

"बाबा ऐकणार नाहीत हे कळलं होतं," ती म्हणाली. "दोघांतलं एक तरी परत यावं, एवढंच मनात होतं ताई."

माझ्या वडिलांबद्दल ती हे माझ्या तोंडावर बोलत होती. मला राग यायला हवा होता. पण तिच्या जागी मी असते तर बाबांनाच हाका मारत बसले असते, आणि आई त्यांच्याशेजारी उभी राहिली असती.