प्लाझ्माताईचा दुसरा नमुना

आमच्या लॅबमध्ये रक्त गोठण्याच्या तपासण्या जिच्या हाताखालून जायच्या, तिला सगळे प्लाझ्माताई म्हणत. घरी ती धाकटी सून. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा मूल पोटातच गेलं. वारेत रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या. तिसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी हेपॅरिन लिहून दिलं, रक्त गोठू न देणारं औषध. सकाळ-संध्याकाळ पोटाच्या कातडीखाली सुई.

सासूबाईंनी ऐकलं आणि हातातली वाटी खाली ठेवली. "पोटात लेकरू आणि पोटातच सुई? आमच्या सात पिढ्यांत कुणी असलं केलं नाही."

"आठव्या पिढीसाठीच करतेय, आई."

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दहाव्या मजल्याच्या पोकळीत लटकणारा गडी, पण सुई दिसली की त्याला दरदरून घाम फुटे. म्हणून ती न्हाणीघराचं दार लावून स्वतःच टोचून घेई. पोट काळंनिळं झालं. थोरली जाऊ म्हणाली, "नोकरी सोड, पडून राहा."

"मागच्या वेळी पडूनच होते," ती म्हणाली आणि डबा उचलून कामावर आली.

औषध पुरतंय का हे पाहायला डॉक्टरीणबाईंनी रक्तातलं हेपॅरिन मोजायला सांगितलं. दोन सुयांच्या बरोबर मधल्या वेळी रक्त काढायचं, यंत्रात फिरवून वरचा प्लाझ्मा वेगळा करायचा आणि त्यात रक्त गोठवणारा एक घटक मोजून टाकायचा. हेपॅरिन त्या घटकाला जखडून ठेवतं. जो मोकळा उरतो, त्याच्यामुळे पिवळा रंग सुटतो. रंग जितका गडद, तितकं हेपॅरिन कमी.

स्वतःचा नमुना स्वतः तपासायचा नाही, म्हणून तो माझ्याकडे आला. रंग गडद चढला. आकडा जवळजवळ शून्य.

लॅबचे साहेब तिच्या टेबलाशी आले. "सुया चुकवतेस का?"

"एकही नाही."

"मग डोस वाढवायला कळवतो."

"आधी नळी कुठे होती ते विचारा, साहेब."

नळी दुपारभर खाली रक्त काढायच्या खोलीत टोपलीत पडून होती. रक्त न फिरवता ठेवलं की त्यातल्या पेशी हेपॅरिन निकामी करत जातात, हे साहेबांनाही ठाऊक होतं. पण इतकं? ते मान हलवत राहिले.

"म्हणूनच परत काढा," ती म्हणाली. "खोट्या आकड्यावर मी औषध वाढवून घेणार नाही."

घरी नवऱ्याच्या तोंडून आकडा निसटला. सासूबाईंना तेवढंच हवं होतं. "एवढं टोचून शून्य. बंद कर आता."

त्या संध्याकाळी ती न्हाणीघरात गेली नाही. बाहेरच्या खोलीत, सगळ्यांच्या देखत खुर्चीवर बसली, पोटाची चिमूट धरली आणि सुई टोचून घेतली. जावेनं तोंड फिरवलं. नवरा भिंतीला टेकला, पण जागचा हलला नाही.

"आकडा खोटा असेल, नाहीतर डोस कमी असेल," ती म्हणाली. "मी खोटी नाही. उद्यापासून इथंच घेणार."

दुसऱ्या दिवशी रक्त काढल्यावर दंडावर कापूस दाबत ती स्वतःच नळी घेऊन जिना चढून आली. "फिरव लगेच," म्हणाली आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. या वेळी रंग बराच फिका आला. हेपॅरिन होतं, पण हवं त्यापेक्षा कमी. मी आकडा सांगितला तेव्हा ती खुर्चीत बसली. मग नाक पुसून म्हणाली, "या आकड्यावर वाढवा म्हणावं."

डोस वाढला. पुढचा आकडा जिथं हवा तिथं आला आणि त्यानंतर एकही नळी टोपलीत पडून राहिली नाही. ताई जातीनं खाली जाऊन उभी राहायची.

मुलगी थोडी आधी झाली. मूठभर, पण आवाज सगळ्या वॉर्डाला पुरेल असा. मी भेटायला गेले तेव्हा ती सासूबाईंच्या मांडीवर होती.

"ही तिच्या नशिबानं आली," सासूबाईंनी मला ऐकवलं. "सुयांचं काही सांगू नका."

"असेल, आई," ताई पलंगावरून म्हणाली. "पुढच्या वेळीही मी सुया घेणारच आहे."

सासूबाईंनी पोर तिच्या हातात दिली. "आधी हिला नीट पाज. मग भांड."