चमच्याचं चित्र

दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, एका मंगळवारी सकाळी सव्वानऊला, गंगापूर तालुक्यातून एक घार आमच्या केंद्रात आली. तिची घरघर दारातच ऐकू येत होती.

शहराबाहेरच्या या केंद्रात घारी, शिक्रे, घुबडं अशा शिकारी पक्ष्यांवर उपचार होतात. उपचार डॉक्टर करायचे. शाळांत आणि गावांत माहिती देण्याचं काम माझ्याकडे होतं.

घार आणली होती सुमनबाईंनी. जीपमध्ये पाटी मांडीवर धरून, वरून फडकं झाकून. ती त्यांना बांधाखाली पडलेली सापडली होती.

"काही दिलंत तिला?" डॉक्टरांनी विचारलं.

"पाणी पाजलं की. चार चमचे. आमालाच टँकरचं हंडाभर मिळतंय, तरी पाजलं."

"चोचीत ओतलं?"

"व्हय. मला वाचता येत नाय. पर चित्रात तसंच हाय."

त्यांनी चंचीतून घडी घातलेला कागद काढला. आमचंच पत्रक होतं. मजकूर होता, 'अंगणात पाण्याचं पसरट भांडं ठेवा.' खाली चित्र होतं: चिमणी, तिच्या चोचीला टेकलेला चमचा.

घारीला बहुतेक पाणी मांसातूनच मिळतं. पक्ष्याच्या जिभेच्या मुळाशी श्वासनळीचं तोंड असतं. ओतलेलं पाणी फुप्फुसात जाऊ शकतं. या घारीच्या फुप्फुसात ते गेलं होतं.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "मजकूर मी तपासला होता. हे चित्र कधी आलं?"

"नंतर. प्रेसवाला म्हणाला, खाली जागा रिकामी दिसते."

"मला दाखवलं?"

"नाही, सर."

डॉक्टरांनी घारीला ऑक्सिजन लावला आणि खोली अंधारी केली. मी आमची पत्रकं वाटणाऱ्या इरफानला फोन लावला. तो औरंगपुऱ्यातल्या एका शाळेत पत्रकं घेऊन गेला होता.

"इरफान, वाटू नकोस."

"दो क्लास में बंट गए, मॅडम."

"परत घे. सगळी."

"बच्चों ने विमान बना डाले. अब क्या, हवा में से पकडूं?"

"पकड."

खोलीत शांतता हवी होती. शेजारी प्लॉटिंगवर जेसीबी चालू होता. मी मुकादमाला भेटले.

"एका घारीपायी मशीन बंद? उद्या कावळ्याची सुट्टी मागाल," तो म्हणाला. पण दुपारपर्यंत त्यानं मशीन बंद ठेवलं.

संध्याकाळी इरफान परतला. पत्रकं मोजली. शाळेतली एकोणीस कमी होती. गावांत आधीच वाटलेल्यांचा हिशेब नव्हता. बुधवारी आम्ही नवं पत्रक छापायला दिलं. त्यात पाण्याचं भांडं होतं, झाकलेला खोका होता, चमच्यावर मोठी फुली होती. प्रूफवर डॉक्टरांची सही चित्राशेजारी घेतली.

गुरुवारी सकाळी पावणेसातला घार मेलेली आढळली.

मी सुमनबाईंना फोन केला. घार गेली, पाणी फुप्फुसात उतरलं होतं, एवढं सांगितलं.

"म्हंजी म्याच मारली?"

"चित्र मी छापलं होतं, बाई."

"आन् ते कागद? आमच्यात घरोघरी हायेत."

"गोळा करायला माणूस पाठवते."

"त्याला कुणाचं घर ठाव हाय? राहू द्या. मी बघते."

पुढच्या बुधवारी त्याच जीपचा ड्रायव्हर एक खोका घेऊन आला. खोक्याला भोकं पाडलेली होती, आत शिक्रा होता. झाकणावर आमच्या जुन्या पत्रकांचा गठ्ठा सुतळीनं बांधला होता.

"सुमनमावशीचा निरोप हाय," तो म्हणाला. "कुनी हात लावला नाय, काय पाजलं नाय."

डॉक्टरांनी शिक्र्याला टेबलावर घेतलं. चोच कोरडी होती.