मिरच्या वहिनींनीच बांधून दिल्या होत्या

"कान धर. सगळ्यांची माफी माग."

वहिनी असं म्हणाल्या तेव्हा त्यांच्या तोंडाला हिरवा लेप होता. अंगात पांढरा झगा. आजूबाजूला तसल्याच झग्यातली माणसं. कुणाच्या डोक्यावरून तेल निथळतंय, कुणी पोहायच्या तलावातून तसंच ओलं आलंय. सगळी माझ्याकडं बघत होती. मी मधोमध, अनवाणी. पायाशी ओली फरशी. का ओली, ते सांगते.

समुद्राला लागूनच असलेलं गोव्यातलं मोठं हॉटेल ते. रिसॉर्ट म्हणायचे. मी तेव्हा सतरा-अठराची असेन. आमचं गाव अळणावरजवळ. अव्वा, म्हणजे माझी आई, मजुरीला जायची आणि मी हुबळीला साहेबांच्या घरी बाळ सांभाळायला राहिले होते. साहेबांचा गोकुळ रोडला कारखाना. दिवाळी झाल्यावर साहेब-वहिनी मित्रमंडळींबरोबर फिरायला निघाले, आणि बाळासाठी मला घेतलं. अव्वाला वाटलं, पोरीनं नशीब काढलं.

मला मात्र पोचल्यापासून भ्या. काचेचं दार आपोआप उघडायचं, भ्या. समुद्र सारखा गुरगुरायचा, भ्या. खोलीच्या छताला एक पांढरी वाटी उलटी चिकटवलेली, तिच्यात बारका लाल दिवा लुकलुकायचा. मला वाटायचं, त्यातून कुणीतरी बघतंय. मी ओढणी गच्च ओढून कोपऱ्यात बसायची. जेवायला खाली यायचं नाही, असं साहेबांनी सांगितलेलं. वहिनी उरलेलं काहीतरी वर पाठवायच्या.

वहिनींना दृष्टीचं फार. हुबळीच्या घरात रोज तिन्हीसांजेला बाळाची दृष्ट काढायचं काम माझंच. मोहरी, मीठ, ब्याडगीच्या मिरच्या बाळावरून उतरायच्या आणि निखाऱ्यावर टाकायच्या. ठसका लागला तर बरं. नाही लागला तर जबर दृष्ट होती म्हणायचं. गोव्याला निघताना ती पुडी वहिनींनी स्वतः बांधली. धुपाटणं, नारळाच्या शेंड्या, कापूर, काडेपेटी, सगळं त्यांनीच बॅगेत घातलं.

त्या दुपारी तलावाकाठी लोकांनी बाळाला या हातातून त्या हातात घेतलं. खोलीत आल्यावर बाळ दूध घेईना. रडून लालबुंद. वहिनींना खाली तेल लावून घ्यायला जायचं होतं, स्पा का काय त्यात. जाता जाता मला म्हणाल्या, "एगं, सगळ्यांची नजर लागली बघ. मी येईपर्यंत दृष्ट काढून ठेव. दार लावून घे, कुणाला दिसायला नको."

मी दार लावलं. खिडकी तर उघडतच नव्हती. शेंड्या पेटवल्या, मिरच्या उतरून टाकल्या. धूर झाला, सणसणीत ठसका लागला. मला बरं वाटलं. आणि तेवढ्यात छतावरची ती वाटी किंचाळायला लागली.

अय्यो देवा! काय ते किंचाळणं! बाहेर घंटा वाजायला लागल्या, माणसं पळायला लागली. कुणीतरी "आग, आग" ओरडलं. मी धुपाटण्यावर तांब्याभर पाणी ओतलं, बाळाला छातीशी धरलं आणि जिना उतरत सुटले. आता आपण मरतो आणि लोकाचं लेकरूही मरतं, एवढंच डोक्यात.

खाली मॅनेजर उभा होता. "किसकी बाई है ये?"

वहिनी समोरच होत्या. लेपामुळं मी ओळखलं नाही, बाळानं ओळखलं. त्यानं हात पुढं केले. मग त्यांना बोलावंच लागलं.

"हमें कुछ नहीं पता," वहिनी म्हणाल्या. "गाँव की है. इन लोगों में जादूटोना चलता है."

मी त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिले. साहेबांनीही होकाराची मान डोलावली. वहिनींच्या एका मैत्रिणीनं बाळ माझ्या कडेवरून ओढून घेतलं. जसं काय मी त्याला जाळायला निघाले होते!

"पुलिस को बुलाना पड़ेगा," मॅनेजर म्हणाला.

पोलीस. आमच्या गावात पोलीस आले की आयाबाया पोरींना घेऊन रानात शिरायच्या. लाज कसली, सांगतेच. मी उभ्या उभ्या मुतले. त्या चकचकीत फरशीवर, सगळ्यांदेखत. कुणीतरी हसलं. वहिनी "शी!" म्हणाल्या. साहेबांनी एका पोऱ्याकडून फडकं मागवलं आणि माझ्या अंगावर टाकलं. आणि मग वहिनींनी कान धरायला सांगितलं.

मी खाली बसले. फरशी पुसली. नीट पुसली, कोरडी होईपर्यंत. पुसताना डोक्यात एकच चाललं होतं, ही घाण माझी, ती मिरची माझी नाही. उठले.

"हे माझं होतं, मी पुसलं," मी म्हणाले. "कान नाही धरणार. दृष्ट काढायला तुम्हीच सांगितलं, वहिनी. मिरच्या तुम्हीच बांधून दिल्या."

"सुम्म बस! गप्प!" साहेब ओरडले.

नाही बसले सुम्म. भीतीनं दात वाजत होते. मॅनेजरकडं वळले, येत होतं तेवढ्या हिंदीत बोलले. "इन्होंने बोला. दरवाजा बंद करके करो, बोला." बाळाच्या गालावर दृष्टीचा काजळाचा ठिपका होता, वहिनींनी सकाळी आपल्या बोटानं लावलेला. मी तिकडं हात केला. "ये भी मैंने किया क्या?"

मॅनेजर साहेबांना आत घेऊन गेला. पोलीस आले नाहीत.

त्याच संध्याकाळी मला हुबळीच्या गाडीत बसवून दिलं. वाटेत गाडी थांबली की वाटायचं, आता पोलीस चढणार. अळणावरला उतरेपर्यंत जिवात जीव नव्हता. घरी सगळं ऐकून अव्वानं कपाळावर हात मारला. "कान धरले असतेस तर झिजले असते काय गं?"

"झिजले असते," मी म्हणाले. तिनं मला मारलं.

काही दिवसांनी साहेबांचा ड्रायव्हर आला. "वहिनींनी तुला माफ केलंय. बाळ रडतंय, चल." बाळाचं ऐकून मी चपला पायात घातल्या. पण म्हणाले, "अण्णा, त्यांनी त्या मॅनेजरला फोन करून खरं काय ते सांगू दे. मग येते." तो गेला. परत कुणी आलं नाही.

आता मी धारवाडात सप्तापूरला घरकामं करते. भीती गेलेली नाही. तरी नवीन घरी पहिल्या दिवशीच सांगून टाकते. "काय काम सांगायचं ते घरातल्या सगळ्यांदेखत सांगा. दार लावून सांगितलेलं मी करणार नाही." काही बाया आल्या पावली परत पाठवतात. पाठवू देत. मी शेजारच्या घराची कडी वाजवते आणि तिथंही हेच सांगते.