सिस्टरनं सांगितलं होतं

संतपूरच्या पलीकडच्या एका खेड्यात मी सरकारी डॉक्टर होतो. टेबलावर बाईच्या कटीराचा, म्हणजे कमरेच्या हाडांच्या कड्याचा, साचा असायचा. त्यातून कापडी बाहुली सरकवत मी सुईणींना शिकवायचो, "बाळाची वाट एवढीच. आधी ती तपासा, मग कळांचं बघा."

एका सकाळी आमच्या नर्सबाई दिवस भरत आलेल्या एका बाईला घेऊन आल्या. दुसरी खेप होती. सोबत सासू.

"सर, पहिल्या बाळंतपणानंतर ही बैलगाडीवरून पडली. तवापासून पाय ओढत चालायलीय. मी आतून तपासलं, एका बाजूचं हाड आत आलंय. बिदरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवू या."

सासू हसली. "पहिलं लेकरू तूर काढता काढता झालं. आता बिदर कामून?"

मीही हसलो. बाहेर रांग होती. "सिस्टर, वाट तीच आहे. पहिलं आलं, दुसरंही येईल."

मी त्या बाईला चार पावलं चालून दाखवायलासुद्धा सांगितलं नाही.

आठवड्याने कळा सुरू झाल्या आणि बाळाचं डोकं वरच अडकलं. जीप मिळून बिदर गाठेपर्यंत गर्भाशय फाटलं होतं. दोघंही गेली. मोडलेलं हाड वाकडं जुळलं होतं, वाट तीच उरली नव्हती. हे तर मी स्वतः शिकवत होतो.

चौकशीत मी लिहून दिलं, 'जुन्या दुखापतीबद्दल नर्सने मला कळवले नव्हते.' सासूनं सगळं ऐकलं होतं, पण तिलाही गप्प राहणंच सोयीचं होतं. गावातल्या बाया नर्सबाईंच्या तोंडावर म्हणायच्या, "हिच्या हाती पोरगी देऊ नगा गं." त्यांची बदली अफजलपूरकडे झाली.

इतक्या वर्षांनी, गेल्या महिन्यात, मी मंठाळला नर्सबाईंच्या घरी गेलो. त्या डाळ निवडत बसल्या होत्या. मी सगळं कबूल केलं. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही.

"मला कामून सांगायलात, सर? मला ठाऊकच हाय की. त्या गावात जाऊन सांगा."

सासू आता नाही. त्या बाईचा पहिला मुलगा तिथंच सोयाबीन करतो. आईला नर्सनं मारलं, असंच तो ऐकत मोठा झाला. ते त्याच्या कानात मी घातलं आहे. हे सगळं लिहिलेला हा कागद गावाला सांगण्याआधी त्याच्या हातात देणार आहे. तो वाचून होईपर्यंत समोर उभा राहीन.