मी घातलेला मास्क

लिहायला मी कोण, असं सारखं वाटतं. आमच्या पाड्यावरून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वाक्य चुकलं तर माफ करा. पण हे माझ्यासाठी दुसरं कुणी लिहिणार नाही.

भिवंडीतल्या एका शाळेचं मैदान. मुलींचं सॉफ्टबॉल शिबिर. मी कॉलेजच्या संघात कॅचर, म्हणजे बॅटवालीच्या मागे बसून बॉल अडवणारी, म्हणून शिबिराच्या सरांनी मला कॅचर मुलींना शिकवायला बोलावलं. मला कुणी 'शिकव' म्हणण्याची ती पहिलीच वेळ. पडघ्याहून दोन गाड्या बदलून मी सगळ्यांच्या आधी पोचायचे.

मुली तीन, तोंडाला बॉल लागू नये म्हणून घालायचा जाळीचा मास्क एक. जिचा नंबर ती घालायची. काढला की आतून घाम टपकायचा, दुसरी तसाच तोंडावर चढवायची. कुणाला काही वाटायचं नाही.

त्या दिवशी मी तो घातला. जमिनीवर आपटून येणारा बॉल कसा अडवायचा ते दाखवलं. गुडघे टेकायचे. ग्लोव्ह मांड्यांच्या मधे, जमिनीला. हनुवटी छातीला. बॉल झेलायला जायचं नाही, अंगावर घ्यायचा आणि पुढ्यात पाडायचा. मग मास्क काढून तिघींतल्या सानिकाला दिला.

मैदानाच्या कडेला खुर्चीवर बसलेली तिची आई म्हणाली, "सानू, थांब गो. त्यो नको घालू. आधी धुवून आन."

"मम्मी, आत्ता रियाचा घातला तेव्हा?"

"रियाची गोष्ट येगली."

मग माझ्याकडे बघून हसली. "तू बिनमास्कची दाखव ना गो. तुमी डोंगरातली मानसं, तुमाला काय व्हतंय?"

मी सरांकडे पाहिलं. किटची बॅग सानिकाच्या वडिलांनी दिलेली. वळ गावात त्यांची गोदामं आहेत. माझा बाप त्यातल्याच एकात माल उतरवतो. सर खाली वाकून बुटाची लेस बांधत राहिले.

आणि मी बिनमास्कची बसले. तीन दिवस. त्याची लाज अजून जात नाही.

चौथ्या दिवशी बॉल खड्यावर आपटून वर उडाला. ओठ फाटला. तोंडात रक्त, माती.

"बगा," सानिकाची आई म्हणाली, "हिलाच अडवता येत नाय, न् ही पोरींना शिकवनार!"

कुणीतरी हसलं. मी उठले.

"सर, मी मास्क घालूनच बसेन. आणि मी काढला की मुली तसाच घालतील. नाहीतर मी शिकवणार नाही."

"अगं, वाढवू नको. ओठाला बर्फ लाव आणि घरी जा."

मी लेगगार्ड सोडले. मैदान ओलांडताना वाटलं, मागून कुणीतरी हाक मारेल. नाही मारली.

आईने विचारलं, "पडलीस का?" मी हो म्हणाले. बापाचं काम जाईल, म्हणून खरं सांगितलं नाही. कॉलेजातही सांगावं असं कुणी नव्हतं. रोज संध्याकाळी पाड्यावरच्या शाळेच्या भिंतीवर एकटीच बॉल मारायचे आणि अडवायचे. फोन शेजारच्या दगडावर, दिसेल असा ठेवायचे. महिना गेला.

काल वाजला. सानिका होती, खुशीत.

"ताई, पप्पांनी तुमच्यासाठी नवा मास्क आणलाय! फक्त तुमचा. सर म्हणाले, उद्यापासून या."

"आणि तुम्हा तिघींना?"

"आम्हाला तोच, जुना."

"सानिका, मी घातलेला तू घालशील?"

मागून तिच्या आईचा आवाज आला, "सांग ना तिला, महागातला हाय."

"नवा परत करा," मी म्हणाले. "त्या जुन्यात माझा घाम चालेल त्या दिवशी येईन. त्याआधी नाही."